टेकडीवरचं रान आणि आपली शाळा: वर्षभराच्या भेटी कशा आखाव्यात

पुण्यात शाळेपासून टेकडी लांब नसते. एरंडवणे, कोथरूड, पाषाण, गोखलेनगर या भागांतल्या शाळांना वेताळ टेकडी आहे. सहकारनगर-धनकवडीकडच्यांना तळजाई आणि पाचगाव-पर्वतीचं वनक्षेत्र, बाणेरला बाणेर-पाषाण टेकडी, वारज्याला वनविभागाच्या जमिनीवर वाढवलेलं नागरी वन. तरीही कितीतरी शाळांची आणि टेकडीची गाठ वर्षातून एकदाच पडते, तीही जुलैतल्या वृक्षारोपणाच्या दिवशी. बस येते, खड्डे आधीच खणून ठेवलेले असतात, रोपं लागतात, फोटो निघतात, वडापाव खाऊन मुलं परत जातात. तिथे आधीपासून कोणती झाडं होती, असं त्यांना विचारलं तर उत्तर येत नाही. पाहायला त्यांना कोणी वेळच दिलेला नसतो.

माझा आग्रह असा आहे: टेकडीवरचा एकच छोटा तुकडा निवडा आणि वर्षभर पुन्हा पुन्हा तिथेच जा. तुकडा शाळेच्या मैदानाएवढा पुरे. पहिल्या भेटीत मुलांना नुसती झाडी दिसते. तिसऱ्या-चौथ्या भेटीत ‘आपला पळस’ आणि ‘आपलं वारूळ’ दिसायला लागतं. दर वेळी नवीन ठिकाणी नेलेल्या मुलांमध्ये ही ओळख होताना मी पाहिलेली नाही. शिवाय चाळीस मुलांची पावलं एकाच ठरलेल्या वाटेवर पडली, तर बाकीचं रान निवांत राहतं.

वेळ कुठून काढायचा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. त्यातले चार-पाच दिवस टेकडीला द्या. शाळेत राष्ट्रीय हरित सेनेचा, म्हणजे शाळेतल्या पर्यावरण मंडळाचा, गट असेल तर उरलेल्या भेटी शनिवारच्या सकाळी बसवता येतात. वर्षाकाठी सहा ते आठ भेटी झाल्या तर उत्तम, चार म्हणजे अगदी कमीत कमी.

जागा कशी निवडावी

पहिली कसोटी अंतराची. पायी किंवा पीएमपीच्या एका बसने अर्ध्या तासात पोचता येईल अशीच जागा घ्या. भाड्याची बस लागली की भेटी दोनवर येतात.

दुसरी कसोटी विविधतेची. तुकड्यात तीन गोष्टी जवळजवळ असाव्यात: थोडं मोकळं गवत, थोडी देशी झाडं आणि थोडं गिरिपुष्प. गिरिपुष्पाला पुण्यातले टेकडीप्रेमी ग्लिरिसिडिया म्हणून जास्त ओळखतात. उजाड टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून वनखात्याने हे मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड मोठ्या प्रमाणावर लावलं. ते भरभर वाढतं, चरणारी गुरं फारशी तोंड लावत नाहीत, म्हणून ते टिकलं. आज कित्येक उतारांवर दुसरं झाड शोधावं लागतं. त्याच्या शेजारी सालई, गणेर, मेडशिंगी, मोई, खैर, हिवर, पांढऱ्या खोडाचा कांडोळ असे जुने रहिवासी असतील, तर मुलांना तुलना करायला आयतं साहित्य मिळतं. वेताळ टेकडीवर अशा जागा सापडतात. ही शहरातली सर्वांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर.

पहिली-दुसरीची मुलं, चाकाच्या खुर्चीवरचं मूल किंवा गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर असतील, तर चढाचा हट्ट धरू नका. एम्प्रेस गार्डनमध्ये सपाट रस्ते आहेत आणि थोराड जुनी झाडं आहेत. सुरुवात तिथून केली तरी काही बिघडत नाही.

जमीन कोणाची आणि परवानगी कोणाची

टेकडी सगळ्यांची वाटली तरी कागदावर ती कोणाची तरी असते. वेताळ टेकडी आणि तळजाईचा मोठा भाग वनविभागाकडे आहे, काही भाग महापालिकेकडे, काही खासगी. १९९७ साली महापालिकेत आलेल्या गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे, पण त्यातही खासगी जमिनी आहेत. निवडलेला तुकडा नेमका कोणाच्या ताब्यात आहे हे आधी विचारून घ्या.

वनविभागाची जमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे, शाळेच्या लेटरहेडवर, तीन आठवडे आधी अर्ज द्या. सकाळी फिरायला जाणाऱ्या दोघा-चौघांची गोष्ट वेगळी आणि साठ मुलांचा गट वेगळा. अर्जात तारखा, वेळ, कोणत्या फाटकाने जाणार, मुलांची आणि मोठ्यांची संख्या, जबाबदार शिक्षकाचा मोबाइल नंबर आणि काय करणार हे साध्या शब्दांत लिहा. वर्षभराच्या सगळ्या भेटींसाठी एकच अर्ज केला तर दोन्हीकडची कागदपत्रं वाचतात. अर्जाची पोच घ्या आणि तिची प्रत भेटीच्या दिवशी बरोबर ठेवा. रोपं लावणं, तण उपटणं, मातीचे किंवा किड्यांचे नमुने आणणं यातलं काही करायचं असेल तर ते वेगळं नमूद करा. नुसत्या भेटीच्या परवानगीत ते येत नाही.

शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं हा शाळेच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. संमतीपत्रावर एक ओळ मात्र वाढवा: मधमाशी चावल्यावर मुलाला कधी अंगभर सूज किंवा धाप लागली होती का? हे उत्तर शिक्षकाच्या खिशात असायला हवं.

आधीची पाहणी

मुलांना नेण्याच्या आठवडाभर आधी दोघांनी त्याच वेळी, त्याच वाटेने जाऊन यायचं. हे टाळू नका, मागच्या महिन्यात गेला असलात तरीही. टेकडी महिन्याभरात बदलते.

सगळ्यात आधी वर बघा. मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्यांखाली किंवा खाणीच्या कड्यावर आग्या मोहोळ लटकलेलं आहे का? असेल तर वाट बदला, लांबून दाखवायचाही मोह नको. मग खाली: जुन्या दगडखाणींचे कडे आणि त्यांत साठलेलं पाणी. वेताळ टेकडीवरच्या खाणीकडे मुलांची पावलं आपोआप वळतात, त्यामुळे कुठून पुढे जायचं नाही ती रेघ आधीच ठरवा. मोबाइलची रेंज कुठे जाते, रुग्णवाहिका कोणत्या फाटकापर्यंत येऊ शकते, मोकाट कुत्री कुठे बसलेली असतात, सावलीत गोल करून बसायला जागा कुठे आहे, हे टिपून ठेवा. आणि स्वच्छतागृह. वर काहीच सोय नसते. निघताना शाळेत आणि चढण्याआधी पायथ्याशी अशी सोय ठरवली नाही तर मोठ्या मुली पाणीच पीत नाहीत, आणि उन्हात त्यांनाच चक्कर येते.

कोणत्या महिन्यात काय

पुण्याला पाऊस तसा बेताचा, वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. टेकडीवरचं सगळं जगणं त्याच चार महिन्यांना बांधलेलं आहे. इथलं रान पानगळीचं आहे. फेब्रुवारीत उघड्या फांद्या पाहून ‘झाडं मेली’ असं मुलं म्हणतात. तिथूनच धडा सुरू करता येतो.

जून: पहिल्या दोन-तीन पावसांनंतर लगेच जा. ओल्या मातीवर मखमली लाल मृगाचे किडे फिरताना दिसतात, आणि ते थोडेच दिवस दिसतात. नवरंग पक्षी याच सुमारास येतो. तो सहसा दिसत नाही, झुडपांतून त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. डोळे मिटून ऐकायचं हा पहिल्या भेटीचा चांगला पाठ.

जुलै-ऑगस्टमध्ये वाटा शेवाळलेल्या असतात, म्हणून भेट लहान ठेवा. गवत, गोगलगायी, वाणी किडे, दगडफुलं, पाण्याचे ओघळ एवढं पुष्कळ झालं. गणपतीनंतर सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ मला वर्षातला सर्वांत भरगच्च वाटतो. गवत कमरेएवढं, त्यात कोळ्यांची जाळी, नाकतोडे, फुलपाखरं. पण याच दिवसांनंतर खाजकुइलीच्या शेंगा तयार होतात. तपकिरी मखमली शेंग दिसली की मुलांचा हात पुढे जातो, म्हणून ती ओळखायला आधीच शिकवा. तिची लव अंगाला लागली तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढून काढायची, मग धुवायचं.

नोव्हेंबर ते जानेवारी पक्ष्यांचे. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो, शाळेत तसा फलकही लागतो. त्या आठवड्यात एक सकाळ टेकडीवर घालवा. स्वर्गीय नर्तक, नीलांग, धोबी हे हिवाळी पाहुणे, आणि बुलबुल, सातभाई, नाचण, तांबट, वेडा राघू, टकाचोर ही कायमची मंडळी. मोर तर असतोच, आधी ऐकू येतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर आणि गणेर फुलतात. फांदीवर पान नाही आणि फुलं भरगच्च. एका पळसासमोर मुलांना वीस मिनिटं बसवा आणि कोण कोण येऊन जातं ते लिहायला सांगा. मैना, शिंजीर, बुलबुल, मुंग्या, मधमाश्या, खारी: यादी लांबत जाते. एप्रिलमध्ये परीक्षा आणि ऊन, तेव्हा भेट ठेवायचीच असेल तर सहा वाजता चढून साडेआठला खाली.

भेटीचा दिवस

सातला पायथ्याशी, दहाच्या आत परत. आठ ते दहा मुलांमागे एक मोठा माणूस, एक सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे, दोघांकडे शिट्ट्या. चढण्याआधी, तुकड्यावर पोचल्यावर आणि उतरल्यावर मोजणी. पूर्ण लांबीची पँट, बंद बूट, टोपी, एक लिटर पाणी, घरचा डबा. प्लॅस्टिकच्या पुड्यांतला खाऊ नको. अत्तर आणि डिओ नको, त्याने मधमाश्या बिथरू शकतात.

पोचल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच करायचं नाही. प्रत्येकाने एकमेकांपासून चार पावलं लांब बसायचं, वहीच्या मध्ये स्वतःसाठी एक टिंब काढायचं आणि जो आवाज ज्या दिशेने येईल तिथे खूण करायची. रस्त्यावरचा हॉर्नही लिहायचा. दर भेटीला हा आवाजाचा नकाशा काढला की जूनचा आणि जानेवारीचा शेजारी ठेवून बघता येतो.

मग एका भेटीला एकच मोठं काम. मी तीन कामं सुचवते.

पहिलं, सुतळीचा चौकोन. चार मीटर सुतळी आणि चार काटक्या घेऊन एक मीटर बाजूचा चौकोन आखा. त्यात किती प्रकारची रोपं आहेत ते मोजा. नावं येत नसतील तर अ, ब, क म्हणा आणि पानाचं चित्र काढा. एक गट गिरिपुष्पाखाली, एक देशी झाडांखाली, एक गवतात, प्रत्येकी पाच चौकोन. आकडे फळ्यावर मांडले की गिरिपुष्पाविषयी मोठ्यांत जो वाद चालतो, त्यात मुलं स्वतःच्या पुराव्याने बोलू लागतात. उत्तर आधी सांगू नका. जागेप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे ते बदलतं, आणि का बदललं ते शोधणं हीच खरी मजा आहे.

दुसरं, पाणी कुठे मुरतं. दोन्ही बाजूंनी उघडा केलेला पत्र्याचा डबा, कडा बोथट करून, दोन-तीन सेंटिमीटर मातीत दाबा, अर्धा लिटर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. एकदा पायवाटेवर, एकदा झाडाखालच्या पालापाचोळ्यात. पायवाटेवरची माती तुडवून घट्ट झालेली असते, तिथे पाणी बराच वेळ उभं राहतं. टेकडीवर मुरलेलं पाणी पुढे पायथ्याच्या विहिरींना आणि बोअरना जातं आणि न मुरलेलं ओढ्यांतून रस्त्यावर येतं, हे सांगायला यापेक्षा सोपी वाट नाही. सहावीच्या मुलांना ‘पायवाट सोडू नका’ हा नियम यानंतर दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही.

तिसरं, आपलं झाड. दोघा-दोघांच्या जोडीला एक झाड. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजायचा आणि दर भेटीला पाच गोष्टी लिहायच्या: कोवळी पानं, जून पानं, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं. प्रत्येकासमोर नाही, थोडी किंवा भरपूर. सीझनवॉच या देशभर चालणाऱ्या उपक्रमात शाळांकडून अशाच नोंदी घेतल्या जातात, त्यामुळे तुमच्या मुलांची वही तिथेही उपयोगी पडते. आयनॅचरलिस्ट किंवा ईबर्ड या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंद टाकायची तर शिक्षकाच्या खात्यावरून टाका. मुलांची नावं आणि चेहरे त्यात नकोत.

गोळा काय करायचं? गळून पडलेली पानं आणि बिया, त्याही मूठभर, शाळेतल्या ठशांपुरत्या. घरटं रिकामं दिसलं तरी काढायचं नाही. दगड उलटा केला तर हळूच होता तसा परत ठेवायचा.

झाडं लावायची का?

हा प्रश्न प्रत्येक शाळा आणि प्रत्येक मंडळ विचारतं. माझं उत्तर बहुतेक वेळा ‘यंदा नको’ असं असतं.

टेकडीवरची मोकळी गवताळ जागा रिकामी नाही. तित्तर, चंडोल, ससे, असंख्य किडे आणि पावसाळ्यात जमिनीतून उगवणारी कंदवर्गीय फुलं यांचं ते घर आहे. तिथे खड्डे घेऊन वड-पिंपळ लावले की ते घर मोडतं, आणि बेसॉल्टवरच्या वीतभर मातीत ती झाडंही नीट जगत नाहीत. बीजगोळे फेकण्याचा कार्यक्रमही मी सुचवत नाही. कुठे काय उगवावं याचा विचार त्यात नसतो आणि नंतर तिकडे कोणी बघतही नाही.

तरीही लावायचंच असेल तर वनविभागाने दाखवलेल्या जागेत, त्याच टेकडीवर आधीपासून असलेल्या जातींचं, आणि सलग तीन उन्हाळे पाणी घालायची तयारी असेल तेवढंच लावा. पन्नास मुलांमागे दहा रोपं हा माझा हिशेब. पुण्यात कॅन खांद्यावर घेऊन वर्षानुवर्षं झाडांना पाणी घालणारी माणसं प्रत्येक टेकडीवर भेटतात. नवीन खड्डे घेण्यापेक्षा आधी त्यांना जाऊन विचारा: तुमच्या कोणत्या रोपांना हात हवेत? फेब्रुवारी ते मे, दर रविवारी एका वर्गातल्या पाच कुटुंबांनी पाळी लावून कॅन वर नेले तर जुलैच्या अख्ख्या समारंभापेक्षा जास्त झाडं जगतील.

अडचण आली तर

साप दिसला तर थांबायचं, मागे सरकायचं, त्याला जायला वाट द्यायची. चावला तर १०८ ला फोन, मुलाला आडवं झोपवून चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, अंगठी-कडं-बूट काढायचे. आवळून बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काहीही करायचं नाही. प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात लवकर पोचणं हाच उपाय. कोणतं रुग्णालय ते आधीच विचारून ठेवा.

मधमाश्या उठल्या तर तोंड-डोकं झाकून पळायचं, हात झटकायचे नाहीत. बंद गाडी किंवा इमारत जवळ असेल तर तिथे शिरायचं. नांगी राहिली असेल तर लगेच खरवडून काढा. धाप, ओठांवर सूज किंवा चक्कर आली तर क्षणभरही वाट बघू नका. मे महिन्यातल्या आणि ऑक्टोबरमधल्या दुपारी गडगडाट ऐकू आला की माथ्यावरून खाली उतरायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. वणवा दिसला तर मुलांना उतरवून वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. जानेवारीपासून गवत वाळलेलं असतं, तेव्हा गटात कोणाच्याही खिशात काडेपेटी-लायटर नको.

सोसायट्या, मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ

शाळेची आखणी गटांनाही जशीच्या तशी लागू पडते, फक्त त्यांच्या हाताला थोडी जड कामं देता येतात. संक्रांतीनंतरच्या रविवारी झाडांवर अडकलेला मांजा काढणं हे त्यातलं सर्वांत निकडीचं. घारी, वटवाघळं त्यात अडकून मरतात. हातमोजे घाला, काठीला आकडी बांधा, फांदी ओढून मोडू नका आणि मांजा तिथेच न टाकता तुकडे करून खाली आणा. फुटक्या बाटल्या वेचायला पोती लागतात, पिशव्या फाटतात.

दसऱ्याच्या आधीचा आठवडा राखणीचा. आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून बाजारात येतात. मंडळाने आपल्या भागात त्याआधी फिरून आपट्याची झाडं मोजली आणि दसऱ्यानंतर पुन्हा मोजली, तर सोनं लुटण्याची काय किंमत झाली ते आकड्यांत दिसतं. होळीच्या आधीही हीच फेरी.

खायला घालण्याचा प्रश्न नाजूक आहे, कारण ते लोक मायेने करतात. मोरांना दाणे, मुंग्यांना साखर, कुत्र्यांना बिस्किटं. पण दाण्यांच्या जागी कुत्री जमतात आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात. रोज येणाऱ्या आजोबांना हे वयाने लहान माणसाने फलक दाखवून सांगू नये. संघातल्याच एखाद्या ज्येष्ठाने गप्पांत सांगावं.

वही कोणाकडे राहते

प्रत्येक भेटीनंतर दोन दिवसांत वर्गात एक तास ठेवा आणि सगळ्या नोंदी एका जाड वहीत उतरवा: तारीख, वेळ, हवा, चौकोनांचे आकडे, झाडांचा तक्ता, दिसलेले पक्षी. ओळख पक्की नसेल तर तसं लिहा. ही वही मुख्याध्यापकांच्या कपाटात नको, वर्गात हाताशी हवी. मार्च संपताना तिची एक प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात नेऊन द्या. जैवविविधता कायद्याखाली महापालिकेला लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी लागते, तिथल्या समितीलाही एक पाठवा. पुढच्या वर्षीच्या परवानगीचा अर्ज त्याच दिवशी जोडून दिलेला बरा. जूनमध्ये सातवीची मुलं नव्या सहावीला तुकड्यावर घेऊन जातील, प्रत्येक जोडी आपलं झाड एका नव्या जोडीला दाखवून मागच्या वर्षीचा घेर सांगेल, आणि टेप पुन्हा त्याच उंचीवर लागेल अशी व्यवस्था शाळा सुटण्याआधीच ठरवा.